वरच्या पट्ट्यातली पाखरं

ऊवेने मला फसवलं. ऊवे म्हणजे आमच्या मासेमारी क्लबाचा अध्यक्ष, आणि गेल्या वर्षापर्यंत माझा मित्र. त्याने माझाच पोकलेन माझ्याकडून मागून नेला, त्या पोकलेनने नदीचा वरचा पट्टा तळापासून खरवडून काढला, आणि तोच रिकामा पट्टा मला पोकलेनच्या मोबदल्यात दिला. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. पुढे मी पाण्याबद्दल, पाखरांबद्दल, मे महिन्यातल्या उन्हाबद्दल बरंच लिहिणार आहे, आणि ते वाचून कुणाला वाटायला नको की जर्मनीत, कायझर्सलाउटर्नला राहून या माणसाला निवांतपणा आलाय. निवांतपणा नाही. संताप आहे, आणि तो ओतायला दुसरी जागा नाही.

मे पुन्हा आलाय. जंगलाच्या कडेने गिन्स्टरची झुडपं पिवळीधमक झाली आहेत. गावाबाहेरच्या रस्त्यावर स्ट्रॉबेरीच्या आकाराच्या लाल टपऱ्या उभ्या राहिल्यात आणि त्यांत मागच्या वर्षीच्याच बायका बसल्या आहेत. नदीकाठी रानलसणीचा वास इतका दाट आहे की दोन पावलं टाकली तरी भूक लागते. पाण्यावर वाकलेल्या एर्लेच्या झाडांना नवी पानं आली आहेत. हात लावला तर बोटांना चिकटतात. संध्याकाळ संपता संपत नाही. सगळं वेळेवर आलंय. या देशात मे महिना तरी अजून वेळ पाळतो, रेल्वेने ते कधीच सोडलं. फक्त पाखरं आली नाहीत.

माइफ्लीगं म्हणतात त्यांना इथे. मराठीत त्यांना वेगळं नाव असल्याचं मला माहीत नाही. आपल्याकडे दिव्यावर झेपावतं ते पाखरू डोळ्यांपुढे आणा, फक्त त्याहून मोठं, फिकट पिवळं, शेपटीला तीन लांब केस असलेलं. दोन वर्षं ते नदीच्या तळाशी, वाळूत बीळ करून राहतं. अळीसारखं, मातकट, कुणाच्या खिजगणतीत नसलेलं. मग मे महिन्यातल्या एखाद्या उबदार दुपारी कुणी हाक मारल्यासारखी सगळी वर येतात. पाण्यावर येऊन अंगावरची कात फोडतात, ओले पंख उभे करून लहानशा शिडाच्या होडीसारखी वाहत जातात, पंख वाळले की उडतात. झाडांत एक रात्र काढून पुन्हा एकदा कात टाकतात. मग पाण्यावर नाचतात, अंडी घालतात आणि मरतात. या शेवटच्या एक-दोन दिवसांत त्यांना काही खायचं नसतं, म्हणून खाण्याजोगं तोंडच नसतं. तोंडावर आयुष्य काढलेल्या माणसाला ते फार विचित्र वाटतं.

माझं आयुष्य तोंडावरच गेलं. कोल्हापुरात उद्यमनगरला लेथच्या आवाजात मोठा झालो. भंगारात आलेली बेअरिंग तेलात धुऊन, कागदात गुंडाळून, नव्याच्या तोऱ्यात विकायला शिकलो ते मिसरूड फुटायच्या आधी. जर्मनीला आलो तो एका कारखान्याची मशिनं दुरुस्त करायला. भाषा येत नव्हती, पण घासाघीस येत होती, आणि घासाघिशीला भाषा फार लागत नाही. भुवई लागते, गप्प बसता यावं लागतं आणि दरवाज्यापर्यंत जाऊन परत वळता यावं लागतं. आज जुनी बांधकामाची मशिनं घ्यायची, नीट करायची आणि विकायची हा माझा धंदा आहे. पुण्याहून आलेली आयटीवाली मंडळी दिवाळीच्या कार्यक्रमात मला 'पोकलेनवाले काका' म्हणतात. इथे पोकलेनला बागर म्हणतात, पण मी अजून पोकलेनच म्हणतो.

तर अशा माणसाला ट्राउट माशांचा नाद कसा लागला, हे बायकोलाही कळलेलं नाही. लहानपणी पंचगंगेवर गांडूळ लावून गळ टाकायचो. त्यात गळ टाकायचा आणि बसायचं. हे तसं नाही. इथे खोटं पाखरू लागतं. बारक्या गळाला पिसाचे, केसाचे, रेशमाचे वेढे देऊन ते घरी बांधायचं आणि लांब लवचिक रॉडने ते पाण्यावर असं उतरवायचं की आकाशातून आपोआप पडल्यासारखं वाटलं पाहिजे. ट्राउट खाली उभा असतो, प्रवाहाकडे तोंड करून. तो येतो, बघतो, पाखराखालून थोडं अंतर तरंगत जातो आणि बहुतेक वेळा परत फिरतो. पहिल्यांदा तो असा परत फिरला तेव्हा मी ओळखलं, हा आपल्यातला आहे. हा गिऱ्हाईक आहे.

वर्षातले बाकीचे सगळे दिवस तो असाच असतो. पाखरं निघतात त्या दिवसांत मात्र त्याची अक्कल जाते. काठाखालच्या मुळांत दडून बसणारे जुने, काळेभोर, शहाणे ट्राउट उघड्यावर येतात आणि लहान पोरांसारखे हावरट होतात. पाण्याला जागोजागी तोंडं फुटतात. चुळुक, चुळुक, असा आवाज येत राहतो. धोबी पक्षी दगडावरून उडून हवेतच पाखरं टिपतात आणि चोच भरून बसतात. त्या दिवसांत नदीवर कुणी घासाघीस करत नाही.

आमच्या नदीचं नाव मी सांगणार नाही. मासे धरणारा माणूस आपल्या पाण्याचं नाव सांगत नाही, एवढी रीत मी पाळतो. नाव घ्यावं एवढी मोठीही ती नाही. तांबड्या वालुकाश्माच्या टेकड्यांतून येणारी, गुडघ्यापासून कंबरेपर्यंतची, वळणावळणाची. खालचा पट्टा दगडगोट्यांचा. वरचा पट्टा वाळूचा, म्हणून पाखरं तिथेच. क्लबाचा नियम असा की वरचा पट्टा हिमेलफार्टपर्यंत बंद. हिमेलफार्ट म्हणजे येशू स्वर्गात गेला तो गुरुवार, मे महिन्यात किंवा जूनच्या तोंडावर येतो. त्या दिवशी सुटी असते, आणि त्याच दिवशी इथला फादर्स डे असतो. बाप लोक लाकडी हातगाडीत बिअर आणि वाइन शोर्लं, म्हणजे सोडा घातलेली वाइन, भरून, गाणी म्हणत, जंगलातून चालत जातात. पोरंबाळं बहुतेक घरीच. मला हे प्रकरण कधी समजलं नाही. मी त्या दिवशी मुलीला घेऊन नदीवर जायचो.

सई तेव्हा नऊ वर्षांची होती, त्या पहिल्या वेळी. आम्ही ऊवेचे पाहुणे होतो. तो तेव्हा अध्यक्ष झालेला नव्हता. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारा, लालबुंद मानेचा, हळू बोलणारा माणूस होता. वरच्या पट्ट्यात उतरल्यावर त्याने आधी रॉड काढलाच नाही. पाण्यात हात घालून तळाची मूठभर वाळू वर काढली, ती सईच्या तळहातावर ठेवली आणि बोटाने हळूच पसरली. वाळूत काहीतरी वळवळलं.

"ईऽऽ," सई म्हणाली.

"ही दोन वर्षं इथे राहते," ऊवे तिला म्हणाला. "आल्झो, म्हणजे तू सात वर्षांची असताना ही वाळूत गेली. ही वाळू म्हणजे तिचं घर. म्हणून वरच्या पट्ट्यात आपण मधे चालायचं नाही. काठाकाठाने. कळलं?"

"जा," सई म्हणाली, म्हणजे हो. मग तिने तो हात पाण्याखाली नेऊन, वाळू सांडणार नाही अशा बेताने, जिथून काढली होती तिथेच सोडली. ऊवेने माझ्याकडे बघून मान हलवली. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो. ऊवेला माहीत होतं. ते त्यानेच आम्हाला शिकवलं होतं.

मग त्याने तिच्या हातावर हात ठेवून दोरी फेकायला शिकवली. घड्याळाच्या काट्यांवर शिकवतात ते: मागे एक वाजता थांबायचं, पुढे दहा वाजता थांबायचं, मधे घाई नाही. दोरी हवेत पिवळ्या रेघेसारखी उलगडायची. सईची दोरी झाडात अडकायची, माझ्या टोपीत अडकायची, एकदा ऊवेच्या कानाला गळ लागला, तर तो म्हणाला, "हा मासा मापाचा नाही, सोड." मी इतका हसलो की काठावरून घसरून पाण्यात बसलो.

दुपार कलली तशी ती आली. आधी एक, मग चार, मग मोजणं सोडलं. आदल्या दिवशीची पाखरं झाडांतून उतरली आणि पाण्यावर नाचायला लागली; सरळ वर जायचं, पंख पसरून तरंगत खाली यायचं, पुन्हा वर. उन्हात त्यांचे पंख काचेसारखे दिसत होते. त्याच वेळी पाण्यातून नवी उठत होती. सई छातीपर्यंतच्या रबरी पोशाखात, जो तिला दोन मापं मोठा होता, मान वर करून उभी होती. आणि ओरडली,

"बाबा, पाऊस खालून वर पडतोय!"

मराठीत. शाळेत जायला लागल्यापासून तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये यायचं. मी 'पापा' झालो होतो. सुजाता, माझी बायको, रोज रात्री गोष्टी सांगायची, श्लोक म्हणून घ्यायची. पोरगी ऐकायची आणि शेवटी 'गूट नाख्ट' म्हणायची. त्या दुपारी कुणी तिला सांगितलं नव्हतं की मराठीत बोल. ते आतून आलं, त्या पाखरांसारखं, वाळू फोडून. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर थांबली असती.

तिने एक ट्राउट धरला, अंगावर लाल ठिपके असलेला. तिला तो सोडायचा होता. इथे मापाचा मासा मजा म्हणून धरून सोडता येत नाही. धरलास तर मारायचा आणि खायचा, नाहीतर धरायचाच नाही, असा दंडक. मी ऊवेशी घासाघीस केली. म्हटलं, पोर आहे, पहिला मासा आहे, त्याच्याऐवजी मी माझा एक जास्तीचा देतो. ऊवे म्हणाला, "प्राण्याच्या जिवावर सौदा होत नाही." सई रडली, मग तिने तो मासा ऊवेने दाखवला तसा एका घावात संपवला. सुजाताने रवा लावून, कोल्हापूरहून आलेला मसाला चोळून तो तळला, आणि सईने काटे बाजूला काढत सगळा खाल्ला, शेपटीसकट. मला ऊवेचा त्या दिवशी आदर वाटला. खोटं कशाला बोलू, वाटला.

त्यानंतर दर वर्षी आम्ही गेलो. हिमेलफार्टला वरच्या पट्ट्यात कोण जाणार हे क्लबात चिठ्ठ्या टाकून ठरतं, आणि काही वर्षं आमची चिठ्ठी आली, काही वर्षं नाही. नाही आली तर आम्ही खालच्या पट्ट्यात उभे राहून वरून वाहत येणारी मेलेली पाखरं बघायचो. सई मोठी होत गेली. दारं आपटायला लागली. मीही आपटायला लागलो. आमच्या घरात दारांना फार सोसावं लागलं. पण मे आला की तीच विचारायची, "पापा, गेहेन व्हिअर?" जायचं का? आणि नदीवर, दुपार कलल्यावर, तिच्या बोलण्यात एखादं मराठी वाक्य यायचं. वर्षाचं एखादंच. मी त्याची वाट बघायचो, ट्राउटची नाही.

ती कार्ल्सरूहेला शिकायला गेली तेव्हा खोली बघायला मी बरोबर गेलो. घरमालक चांगला माणूस होता. मी त्याला म्हटलं, तळघरात सायकल ठेवायला जागा द्या, स्वयंपाकघरातला मधला कप्पा द्या, खिडकीचा पडदा बदला. यात काय चुकलं? विचारल्याशिवाय कुणी देतं का? त्याने हसून सगळं ऐकून घेतलं, 'कळवतो' म्हणाला आणि खोली दुसऱ्या मुलीला दिली. घरी आल्यावर सई म्हणाली, "बाय डीअर इस्ट आलेस हांडेल." तुझ्यापाशी सगळाच सौदा असतो. मी म्हटलं, त्या सौद्यावरच तू शिकलीस. मग दार. त्यानंतर फोन आईला यायचे. मला 'ग्रूस आन पापा'. म्हणजे पापाला नमस्कार सांग. उरला फक्त मे महिन्यातला तो गुरुवार, आणि त्याला जोडून येणारा शुक्रवार.

म्हणून तो गुरुवार मला पक्का हवा होता. चिठ्ठीवर सोडायचा नव्हता. आणि नेमका तेव्हाच ऊवे, तोवर अध्यक्ष झालेला, माझ्या यार्डात आला. क्लबहाउसपुढे पावसात चिखल होतो, गाड्या रुततात, पार्किंग सपाट करायचंय, तुझा छोटा बागर देतोस का. मी पोकलेनच्या चेनशी बसलो होतो, उठलोही नाही. म्हटलं, देतो. हवा तितके दिवस ठेव. पण सईला यावंसं वाटतंय तोवर दर हिमेलफार्टला वरचा पट्टा आमचा, चिठ्ठी नाही. त्याने मान खाजवली. लांब पार रस्त्याकडे बघितलं. मग हात पुढे केला. मी इतके सौदे केले, पण त्या संध्याकाळी घरी जाताना वाटलं की आयुष्यातला सगळ्यांत चांगला सौदा आज झाला. मशीन चार दिवस कुणाच्या दारात राहणार, आणि मुलगी कायमची माझी.

गणपतीला आम्ही कोल्हापूरला गेलो. परत आलो तर पोकलेन यार्डात उभा होता, धुऊन, पुसून, वंगण लावून. जर्मन माणूस मागून नेलेली वस्तू स्वच्छ करून देतो, मला कौतुक वाटलं. पार्किंगही खरोखर सपाट झालं होतं. वरच्या पट्ट्याकडे जायचा प्रश्न नव्हता. मोसम संपला होता, पुढच्या हिमेलफार्टपर्यंत तो बंद, आणि मी नियम पाळणारा.

गेल्या वर्षीचा तो गुरुवार. सई आदल्या संध्याकाळी कार्ल्सरूहेहून आली. सकाळी गाडीत तिने पाय डॅशबोर्डवर ठेवले, लहानपणी ठेवायची तसे, आणि मी ओरडलो नाही. आम्ही एर्लेच्या झाडांतून खाली उतरलो आणि मला आधी वाटलं, वाट चुकलो.

वळण नव्हतं. नदी सरळ झाली होती, कालव्यासारखी. काठ दोन्ही बाजूंनी एका मापात कापलेले. तळाला गोटे, स्वच्छ, धुतल्यासारखे. वाळू नाही. पाणी कुठेही न थांबता घाईघाईने निघून जात होतं. काठावर गवत उगवलेले मातीचे लांब ढीग, आणि ढिगाच्या बाजूला बकेटच्या दातांच्या खुणा. त्या खुणा मी ओळखल्या. उजवीकडचा दुसरा दात मीच बदलला होता, तो बाकीच्यांपेक्षा रुंद आहे.

सई जर्मनमध्ये म्हणाली, "थांबू. दुपारी येतील." आम्ही थांबलो. दुपार झाली. ऊन होतं, वारा नव्हता, सगळं जसं हवं तसं होतं. रानलसणीचा वास होता. धोबी पक्षी दगडावर बसून शेपटी हलवत होता आणि उडत नव्हता. दूर जंगलात हातगाडीवाल्या बापांचं गाणं चाललं होतं. ऊन कललं. एकही आलं नाही. सई मान वर करून बसली होती, आणि तिच्या डोक्यावर नुसतं आकाश होतं.

क्लबहाउसपुढे ऊवे सॉसेज भाजत होता. सपाट पार्किंगवर टेबलं मांडली होती, दहा-बारा जण ग्लास घेऊन बसले होते. मी ओल्या पोशाखातच गेलो. सई मागे.

"ऊवे, वरच्या पट्ट्याचं काय केलंस?"

"साफ केला," तो सॉसेज उलटत म्हणाला. "माझ्या मेहुण्याचं कुरण दरवर्षी तुंबायचं. पाण्याला वाट नव्हती. जलखात्याची मंजुरी आहे, सगळं रीतसर आहे."

"माझ्या मशीनने?"

"जा. चांगलं मशीन आहे. धुऊन दिलं ना?"

"तू पार्किंगसाठी नेलं होतंस."

"पार्किंग केलं की. त्याच्यावरच उभा आहेस."

कुणीतरी हसलं. मी म्हटलं, "पाखरं कुठे आहेत?"

"येतील. काही वर्षं जातील, पण येतील."

"कशी येतील? राहतील कुठे? वाळू आहे का? तूच सांगितलं होतंस हिला, वाळू म्हणजे घर!"

त्याने सईकडे बघितलं नाही. चिमटा खाली ठेवला आणि हळू आवाजात, तो नेहमीच हळू बोलतो, म्हणाला, "हे बघ. तू वरचा पट्टा मागितलास, मी वरचा पट्टा दिला. गेनाऊ? बरोबर? पाखरं आपल्या सौद्यात नव्हती."

त्यानंतर मी काय केलं ते क्लबातले लोक अजून रंगवून सांगतात. भट्टी उलटली, सॉसेज गवतात गेले, कुणाच्या तरी पँटवर निखारा पडला. सगळं खरं आहे. एका मापाच्या माशासाठी जिवाचा सौदा नाही म्हणणारा माणूस, त्याने दोन वर्षांची सगळी पिढी मेहुण्याच्या गवतासाठी काठावर उपसून टाकली, आणि चर्चा कशाची, तर माझ्या रागाची. सई माझा दंड धरून मला गाडीपर्यंत घेऊन गेली. बराच रस्ता गेला. मग ती म्हणाली,

"तो अगदी तुझ्यासारखं बोलत होता, बाबा."

पूर्ण वाक्य, शुद्ध मराठीत. त्या वर्षीचं मराठी वाक्य मला असं मिळालं.

मी तेव्हापासून हे वाक्य घेऊन फिरतोय. त्यावर उत्तर शोधतो, कधी यार्डात, कधी गिऱ्हाइकासमोर, आणि सापडत नाही. मी फसवलं असेल लोकांना. बेअरिंग धुऊन विकली आहेत. पण कुणाच्या पोरीला हात धरून एखादी गोष्ट दाखवायची आणि मग तीच गोष्ट उपटून टाकायची, हे मी केलेलं नाही. हा फरक आहे. हा फरक मोठा आहे. तिला तो कसा पटवायचा, ते मला येत नाही. मशीन कसं खपवायचं ते येतं.

जलखात्यात गेलो. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, नकाशा काढून दाखवला, सगळं नियमात आहे म्हणाल्या, आणि शेवटी म्हणाल्या की कीटक काय, पुन्हा वसतात. वसत नाहीत. या वर्षी मी नियम मोडून तीन वेळा वरच्या पट्ट्यात गेलो. गोटे उलटून पाहिले. गोट्यांखाली राहणारी बारकी, चपटी अळी सापडली, ती दुसरी जात. वाळू कुठे साचलीच तर पहिल्या पावसात वाहून जाते, कारण अडायला वळण नाही. मेहुण्याचं कुरण मात्र छान वाळलंय. त्यात गुरं नाहीत. दोन घोडे आहेत, नातीच्या हौशीचे.

काल सुजाता म्हणाली, "अहो, तुम्ही फोन करा ना तिला. पाखरं नसली म्हणून काय झालं, जेवायला ये म्हणा."

"तूच म्हण."

"मी म्हटलं. तुम्ही म्हणा."

केला. सईने उचलला, हे एक. म्हटलं, गुरुवारी येतेस का. पलीकडे कुणीतरी भांडी घासत होतं, पाण्याचा आवाज येत होता. तिने विचारलं, "व्होत्सू, पापा?" कशासाठी? रागाने नाही. राग असता तर मला जमलं असतं, रागाशी कसं बोलायचं ते मला ठाऊक आहे. तिने साधं विचारलं, बस किती वाजता आहे असं विचारावं तसं. आणि मला, ज्याला आयुष्यात कधी शब्द कमी पडला नाही, काही सुचलं नाही. जेवायला ये म्हणणार होतो. तेही म्हटलं नाही. ती म्हणाली, "ना, आल्झो. माख्स गूट." बरं मग, सांभाळून राहा. आणि ठेवला.

आज गुरुवार आहे. मी एकटाच आलोय. रॉड गाडीतून काढला नाही. पाणी समोरून जातंय, सरळ, स्वच्छ, घाईत. दुपार कलत आली आहे आणि मी वर बघणं टाळतोय, कारण अजून कुठेतरी वाटतं की एखादं असेल, आणि तसं वाटणं हेच आता सोसत नाही. पुढच्या वर्षी ते वाटणंही जाईल. सई शिकून कुठे नोकरीला जाईल, कोलोनला नाहीतर आणखी लांब, आणि हिमेलफार्ट हा तिच्यासाठी जोडून आलेल्या सुट्यांचा दिवस राहील. तिचं काही चुकणार नाही.

पुढच्या महिन्यात क्लबाची सभा आहे. मला माहीत आहे तिथे काय होईल. मी उभा राहीन, आवाज चढेल, लोक आपापल्या ग्लासात बघतील, आणि कुणीतरी म्हणेल की आता पुढचा विषय घेऊ. माझं मला काही मिळणार नाही; ते मी सोडलंय, आणि मी सहसा काही सोडत नाही. तरी ऊवे, तुला उभं राहावं लागेल. मेहुण्याचं नाव घेऊ नकोस, मंजुरी दाखवू नकोस, आणि सौद्यात काय होतं, काय नव्हतं ते मला शिकवू नकोस. मला उत्तर देऊच नकोस. माझी मुलगी विचारते आहे, कशासाठी यायचं बापाकडे. तुझ्याकडे तिचा नंबर आहे. तिला फोन कर, आणि सांग.